गाडी नसलेल्या घरची मुलगी

मुलाकडे नाहीतर लेकीकडे इंग्लंडला गेलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींचा एक दिवस तरी बाथमध्ये जातो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर गाडीत बसलं की दीडेक तासात आपण तिथे. रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं पाहायची, ॲबीसमोर फोटो काढायचा, पुल्टनी पुलाजवळ उभं राहून एव्हन नदीचं पाणी बांधाच्या पायऱ्यांवरून उतरताना बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. या फेरफटक्यात गे स्ट्रीटवर एक दार लागतं. दाराशी जुन्या काळातला झगा आणि बॉनेट घातलेला बाईचा पुतळा असतो. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मैत्रिणींना ती कोण हे सांगायला नको. जेन ऑस्टिन.

२०२५ साली तिच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली. २०१७ साली आलेल्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. दर सप्टेंबरात बाथमध्ये तिच्या नावाचा महोत्सव भरतो आणि जगभरातून आलेले लोक तिच्या काळातले कपडे घालून रस्त्यांवरून मिरवतात. शहराने तिला असं डोक्यावर घेतलंय. गंमत अशी की हेच शहर सोडताना जेनला तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं होतं. नंतर दोन वर्षांनीसुद्धा पत्रात तिने त्या तारखेची आठवण काढली, तीही आनंदाने.

मग पाच वर्षं ती तिथे राहिली कशी? तिची पत्रं वाचताना मला एक उत्तर सापडतं. ती चालत राहिली. नदीकाठाने, टेकड्यांवरून, शेतांतून. बाथच्या आसपासच्या ज्या वाटा आज माहितीपत्रकात सोप्या फेऱ्या म्हणून छापतात, त्यातल्या कितीतरी तिच्या पायाखालच्या होत्या. आणि तिचं चालणं ही निव्वळ हौस नव्हती. तिच्या घरी गाडी नव्हती.

जेन जन्मली १६ डिसेंबर १७७५ रोजी, हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टन या खेड्यात. वडील जॉर्ज ऑस्टिन तिथल्या चर्चचे पाद्री. सहा भाऊ आणि कॅसांड्रा ही एकच बहीण, जेनहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठी. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. पाद्रीबाबा वरकड मुलांना घरी ठेवून शिकवायचे आणि थोडी शेती करायचे, तेव्हा कुठे दहाजणांचा संसार चालायचा.

त्या काळी गाडी ठेवणं म्हणजे घोडे आले, त्यांचा चारा आला, गाडीवान आला आणि वर सरकारचा कर. ऑस्टिन मंडळींनी एकदा हौसेने गाडी घेतलीही होती, पण १७९८ साली ती बंद करून ठेवावी लागली. झालं, घरातल्या पुरुषांना घोडा होता आणि बायकांना पाय. त्यातून भल्या घरच्या तरण्या मुलीने भाड्याच्या गाडीत एकटीने बसायचं नाही. १७९६ साली जेन केंटमध्ये एडवर्ड या भावाकडे गेली होती. परत यायचं तर सोबत हवी, आणि ती कुठला भाऊ कधी देणार यावर तिचं सगळं अडून बसलं. वय वर्षं वीस, डोक्यात कादंबऱ्या घोळतायत आणि घरी जायचा दिवस मात्र भावाच्या हाती! हे वाचताना आपल्याकडच्या आज्या-पणज्या आठवतात. माहेरी जायचं तर न्यायला कोणी आल्याशिवाय त्यांचाही पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

म्हणून जवळच्या अंतरापुरतं का होईना, चालणं तिचं स्वतःचं होतं. हॅम्पशरच्या त्या चिखलातून बायका बुटांखाली लोखंडी कड्याच्या खडावा बांधून जात. जेन आणि कॅसांड्राही शेजारच्या डीन गावी अशाच जात. याच वर्षांत, १७९६-९७ साली, तिने एका कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला. तीच पुढे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ झाली. त्यातली एलिझाबेथ आठवतेय ना? आजारी बहिणीला भेटायला तीन मैल शेतं तुडवत, कुंपणांवरून उड्या मारत एकटी जाते. परकराला वीतभर चिखल, केस विस्कटलेले, गाल लाल. ज्या घरी ती जाते तिथल्या नटव्या बायका नंतर तिच्या त्या परकरावर यथेच्छ तोंडसुख घेतात. बाई चालत आली म्हणजे ती एकतर गरीब नाहीतर नादान, असा तो हिशेब. जेनला तो ऐकून माहीत असणार.

१८०० साल संपता संपता वडिलांनी ठरवलं की आता काम थोरल्या जेम्सवर सोपवायचं आणि बाथला जाऊन राहायचं. मुलींना कोणी विचारलं नाही. बातमी कानावर पडताच जेनला भोवळ आली, असं त्यांच्या घरात पुढे सांगत. खरंखोटं सोडा, पण नंतरच्या महिन्यांत काय झालं ते पाहा. वडिलांची पाचशे पुस्तकं विकायला काढली, जेनचा पियानो विकला, सामानसुमान गेलं आणि जेम्सची बायको त्या घराची मालकीण झाली. पंचवीस वर्षांच्या मुलीने हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं.

बाथच का? आईवडिलांचं लग्न १७६४ साली तिथेच झालेलं. आईचा भाऊ, म्हणजे जेनचे श्रीमंत मामा-मामी, तिथल्या पॅरागॉन नावाच्या घरांच्या रांगेत राहायचे. (या मामीवर नुकतंच एक किटाळ येऊन गेलं होतं. दुकानातून लेस चोरली असा आरोप, महिनोन् महिने जेलरच्या घरी अटकेत आणि १८०० च्या मार्चमध्ये निर्दोष सुटका. कोर्टात नाव गेलं तरी मामींचा तोरा काही कमी झाला नाही.) शिवाय बाथ म्हणजे तेव्हाचं लग्नाचा बाजार भरणारं गाव. दुखणी घेऊन म्हातारे यायचे आणि उपवर मुली घेऊन त्यांच्या आया. दोन लग्नाच्या मुली असलेल्या घराने बाथला मुक्काम हलवला की लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. ऑस्टिनांच्या घरात याआधीही एका मुलीचा प्रश्न असाच प्रवास करून सोडवला होता. जेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली एकविसाव्या वर्षी जहाजात बसून हिंदुस्थानात आली, ती नवरा मिळावा म्हणून. वर्षभरात कडलोरला कंपनीच्या एका डॉक्टरशी तिचं लग्न लागलं. तिची मुलगी एलायझा कलकत्त्याला जन्मली आणि पुढे जेनच्याच हेन्री या भावाची बायको झाली. त्या मानाने बाथ जवळच म्हणायचं!

जेनला बाथ अगदीच नवं नव्हतं. १७९९ च्या उन्हाळ्यात एडवर्डच्या पायदुखीवर तिथलं पाणी गुण देतं का ते बघायला सगळे गेले होते. तेव्हा एका संध्याकाळी सहा ते आठ ती बीकन हिलवर चढली आणि शेतांतून चार्लकम गावाला गेली. हिरव्या घळीत वसलेलं ते गावठाण तिला फार आवडलं. शहराच्या गजबजाटातून तासाभरात ती तिथे पोचली. चार्लकम अजूनही तसंच आहे. एक छोटं नॉर्मन काळातलं चर्च, मोजकी घरं आणि उताराची कुरणं. आता तर तिथला गावाबाहेरचा रस्ता दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे गाड्यांना बंदच ठेवतात, कारण त्या दिवसांत भेक अंडी घालायला रस्ता ओलांडून तळ्याकडे जातात. गावातली माणसं बादल्या घेऊन त्यांना पलीकडे पोचवतात. जेनला हे कळलं असतं तर तिने पत्रात त्यावर दोन तरी तिरकस ओळी लिहिल्या असत्या.

बाथची रचनाच अशी आहे. मध्ये नदी आणि चहूबाजूंनी टेकड्या, म्हणजे एखाद्या द्रोणात शहर ठेवावं तसं. कुठल्याही दिशेने अर्धा तास चाललात तर घरं मागे पडतात. जेनने हे बरोबर हेरलं होतं. १८०१ च्या सुरुवातीला घर कुठे घ्यायचं याची चर्चा चालू होती, आईला चांगली वस्ती हवी होती आणि जेनचा जीव मात्र सिडनी गार्डन्सच्या जवळपास अडकला होता. तिथल्या हिरव्या झाडांच्या चक्रव्यूहात रोज फिरायला जाता येईल, हे तिचं कारण. एक घर सोडून दुसरं पाहायचं, ओल आहे म्हणून नाकारायचं, असं करत करत शेवटी सिडनी प्लेसमधलं चार नंबरचं घर भाड्याने मिळालं, अगदी त्या बागेसमोरच. तिथे संगीताचे जलसे आणि आतषबाजी होत असे. त्यावर जेनची थट्टा अशी की बाग एवढी मोठी आहे, की गाणं ऐकू येणार नाही इतक्या लांब जाता येतं.

त्या बागेतून केनेट-एव्हन कालवा जातो. जेन राहायला आली तेव्हा तो नवाकोरा होता. त्यावरच्या लोखंडी पुलांवर १८०० हे साल आहे. आज बाथला गेलात आणि गुडघे कुरकुरत असतील तर हीच वाट धरा. कालव्याच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत जायचे, तोच हा रस्ता. चढ नाही, उतार नाही. एका हाताला संथ पाणी आणि त्यात रंगवलेल्या लांबट नावा, दुसऱ्या हाताला खाली पसरलेलं एव्हनचं खोरं. दोनेक मैलांवर बाथॅम्प्टन गाव येतं, तिथे कालव्यालगतच्या जुन्या खानावळीत बसून चहा घ्यावा आणि आल्या वाटेने परतावं. सगळं मिळून दोन-अडीच तासांचं काम.

पण जेनच्या फेऱ्यांत सगळ्यात मजेदार फेरी आहे ती वेस्टनची. मे १८०१. बाथला येऊन दोनेक आठवडे झालेले, ओळखीपाळखीच्या घरी जाऊन पत्ते खेळणाऱ्या कंटाळवाण्या बैठका चालू होत्या. अशात तिला चेंबरलेनबाई भेटल्या. बाईंना चालण्याची भारी आवड. वेस्टनपर्यंत मोठा बेत ठरला आणि ऐनवेळी बाकीच्या एकेकीने काही ना काही सबब सांगून अंग काढून घेतलं. उरल्या दोघीच. सायन हिलच्या चढाने जायचं आणि शेतांतून परत यायचं. चेंबरलेनबाई चढाला अशा सुटल्या, की जेनला त्यांच्याबरोबर राहताना धाप लागली, पण मागे म्हणून राहायची नाही असा तिने पणच केला होता. सपाटीवर तिने बरोबरी साधली. वर कडकडीत ऊन. बाईंच्या डोक्यावर ना छत्री ना टोपीला झालर. कुठे थांबणं नाही, काही बघणं नाही. वेस्टनचं कब्रस्तान तर दोघींनी अशा वेगाने ओलांडलं, जणू तिथे जिवंत गाडतील की काय! हे सगळं जेननेच बहिणीला कळवलंय आणि पत्र वाचताना तिचा घामेजलेला, हसरा चेहरा दिसतो. नव्या गावात मन न रमलेली एक मुलगी दुपारी जीव तोडून चालते आणि रात्री त्यावर खळखळून हसते. आज बाथच्या ॲबीपासून निघणारी कॉट्सवोल्ड वे ही १०२ मैलांची पायवाट वेस्टनवरूनच पुढे जाते. पूर्ण चालायला आठवडा लागतो. वेस्टनपर्यंतचा दीडेक मैल मात्र आपल्यालाही झेपेल. चेंबरलेनबाईंच्या चालीने नको, एवढंच.

याच पत्रांनंतर तिच्या आयुष्यावर पडदा पडतो. १८०१ च्या मेपासून १८०४ च्या सप्टेंबरपर्यंत तिचं एकही पत्र उरलेलं नाही. कॅसांड्राने म्हातारपणी बहिणीची बरीच पत्रं जाळली. आज जी आहेत ती सगळी मिळून साधारण १६०. जाळलेल्यांत काय होतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ तर्क लढवलेत. मी एवढंच म्हणेन, की बहिणीची खासगी दुखणी जगासमोर येऊ नयेत असं कॅसांड्राला वाटलं असेल, तर तिला दोष देता येत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांच्या आठवणीतून कळते. २ डिसेंबर १८०२. दोघी बहिणी मॅनीडाउन नावाच्या वाड्यात मैत्रिणींकडे राहायला गेल्या होत्या. त्या मैत्रिणींचा भाऊ हॅरिस, वय एकवीस, मोठ्या इस्टेटीचा वारस. त्याने संध्याकाळी जेनला मागणी घातली. जेन सत्तावीसला टेकलेली, हुंडा नाही, स्वतःचं घर नाही. तिने हो म्हटलं. आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय झाली, कॅसांड्राला आसरा झाला आणि गाड्याघोड्यांना तर तोटाच नव्हता. रात्र गेली. सकाळी उठून तिने नाही सांगितलं! तिथे आता क्षणभर थांबणं शक्य नव्हतं. दोघी तडक स्टीव्हन्टनला जेम्सकडे आल्या आणि आम्हाला उद्याच बाथला पोचव म्हणून हटून बसल्या. एरवी बहिणी इतका हट्ट करत नसत. जेम्सला रविवारच्या प्रवचनासाठी बदली माणूस शोधावा लागला. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तिने एकटीने घेतला, पण तो घेऊन तिथून बाहेर पडायला तिला भावाचीच सोबत लागली.

पुढच्याच वर्षी, १८०३ साली, तिने पहिलं पुस्तक विकलं. लंडनच्या एका प्रकाशकाने दहा पौंड दिले, जाहिरात केली आणि हस्तलिखित कपाटात टाकून दिलं. तिच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही. १८१६ साली तिने तेवढेच दहा पौंड भरून ते परत घेतलं आणि ती गेल्यावर १८१७ च्या डिसेंबरात ते ‘नॉर्थँगर ॲबी’ म्हणून बाहेर आलं. दहा पौंडांच्या नोटेवर आपला चेहरा येणार हे तिला कोणी सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती कोण जाणे.

या कादंबरीचा बराचसा भाग बाथमध्येच घडतो आणि ज्यांना बाथभोवती पायी फिरायचंय त्यांनी ती जरूर वाचावी. सतरा वर्षांच्या कॅथरीनला टिल्नी भाऊ-बहिणीबरोबर फिरायला जायचं असतं. सकाळी पाऊस येतो. ती खिडकीत बसून ढगांकडे बघते. तेवढ्यात जॉन थॉर्प नावाचा बढाईखोर तरुण आपली गाडी घेऊन हजर होतो. टिल्नी मंडळी केव्हाच गाडीतून निघून गेली, अशी चक्क थाप मारून तो तिला आपल्या गाडीत चढवतो. थोड्या वेळाने तीच दोघं रस्त्याने चालत येताना तिला दिसतात. थांबव, मला उतरू दे म्हणून ती विनवते आणि हा हसत हसत घोड्याला चाबूक मारतो. लहानसा प्रसंग आहे, विनोदी अंगाने लिहिलेला. पण बाईला गाडीत बसवलं की ती कुठे थांबणार हे लगाम धरणारा ठरवतो, हे गाडी नसलेल्या घरच्या मुलीने किती नेमकं टिपलंय!

पुढे कॅथरीनची फेरी होतेच. तिघं नदीकाठाने निघून बीचन क्लिफ या उंच कड्यावर जातात. वाटेत पुस्तकांवर गप्पा, मग निसर्गचित्रं कशी बघायची यावर हेन्री टिल्नीचं व्याख्यान. कॅथरीन इतकी चटकन शिकते, की माथ्यावर पोचल्यावर अख्खं बाथ शहर चित्रात घेण्याच्या लायकीचं नाही असं ती सांगून टाकते. आज त्याच कड्यावर अलेक्झांड्रा पार्क आहे. स्टेशनच्या मागून चढायला खड्या पायऱ्या आहेत, नको असतील तर मोटारही वर जाते. कठड्याशी उभं राहिलं की मधाच्या रंगाच्या दगडाचं सगळं शहर पायाशी दिसतं. ॲबी, नदीचं वळण, रॉयल क्रेसेंटची कमान आणि समोर लॅन्सडाउनची टेकडी. १९८७ साली युनेस्कोने ज्याला जागतिक वारसा म्हटलं, त्याला कॅथरीनने असं एका झटक्यात नापास केलं. आपल्याला न आवडलेल्या शहराचा जेनने काढलेला हा प्रेमळ सूड असावा, असं मला वाटतं.

बाथची शेवटची दोन वर्षं वाईट गेली. सिडनी प्लेसची मुदत संपली आणि १८०४ साली ती मंडळी ग्रीन पार्क बिल्डिंग्जमध्ये गेली, म्हणजे पूर्वी ओलीमुळे नाकारलेल्या त्याच वस्तीत. २१ जानेवारी १८०५ रोजी वडील तिथे दोन दिवसांच्या तापाने गेले. पाद्रीपदाचं उत्पन्न त्यांच्याबरोबर थांबलं. आईचे आणि कॅसांड्राचे मिळून वर्षाला २१० पौंड होते. कॅसांड्राचे पैसे म्हणजे वेस्ट इंडीजमध्ये तापाने मेलेल्या तिच्या वाग्दत्त वराने मागे ठेवलेले हजार पौंड. जेनच्या नावावर काहीच नव्हतं. भावांनी पन्नास-पन्नास, दत्तक गेलेल्या एडवर्डने शंभर अशी वर्गणी काढली आणि तीन बायकांचं साधारण ४६० पौंडांत भागायला लागलं. भाऊ चांगलेच होते. पण घर गे स्ट्रीटला, मग त्याहून कमी भाड्याच्या ट्रिम स्ट्रीटला. सुरू केलेली कादंबरी अर्ध्यात राहिली, ती कायमची. जुलै १८०६ मध्ये त्यांनी बाथ सोडलं.

मधली तीन वर्षं साउथॅम्प्टनला फ्रँक या नाविक भावाच्या घरी काढली. १८०९ साली एडवर्डने आपल्या इस्टेटीतलं चॉटनचं छोटं घर आईबहिणींना दिलं आणि जेनची लेखणी पुन्हा धावू लागली. १८११ ते १८१५ या काळात चार कादंबऱ्या छापून आल्या. पहिलीवर लेखिकेचं नावच नव्हतं, एका बाईने लिहिलेली एवढंच छापलं होतं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क ११० पौंडांना गेले. सामान आणायला ती दीड मैलावरच्या ऑल्टनला चालत जायची. हा काळ सुखाचा, म्हणून सांगण्यासारखं कमी.

‘पर्सुएजन’ लिहायला घेतली तेव्हा चाळिशी आली होती आणि अंगात दुखणं शिरत होतं. या कादंबरीत ती पुन्हा बाथला गेली. नायिका ॲन सत्तावीस वर्षांची, जेनने हॅरिसला नकार दिला जवळजवळ त्याच वयाची. तिलाही हे शहर आवडत नाही. पाऊस येतो, गाडीत जागा कमी असते, तर ही म्हणते मी चालते. आणि आठ वर्षांपूर्वी दुरावलेला माणूस तिला परत मिळतो तो कुठे, तर शहरातल्या एका आडवाटेच्या रेतीच्या रस्त्यावर, शेजारी शेजारी चालताना. ना दिवाणखान्यात, ना नाचाच्या हॉलमध्ये. आजही ती ग्रॅव्हल वॉक बाथमध्ये आहे, रॉयल क्रेसेंटच्या खालच्या अंगाला, मोठ्या झाडांच्या सावलीतली. दहा मिनिटांची सुद्धा वाट नाही. मला विचाराल तर अख्ख्या बाथमध्ये जेन कुठे भेटत असेल तर इथे.

१८१७ सुरू झालं तेव्हा तिला चालवेना. आजार नेमका कोणता होता यावर अजून एकमत नाही. घरात गाढवाची एक छोटी गाडी होती, तिच्यातून ती थोडं फिरून यायची. गाढवावर खोगीर घालून बसूनही पाहिलं, शेजारून कॅसांड्रा चालायची. बैठकीतल्या एकुलत्या कोचावर आईला पडता यावं म्हणून ही तीन खुर्च्या जोडून त्यावर आडवी व्हायची. १८ मार्चला हातातली नवी कादंबरी तिने बाजूला ठेवली.

२४ मे रोजी तिला उपचारांसाठी विंचेस्टरला हलवलं. गाडी जेम्सने दिली. आत दोघी बहिणी आणि बाहेर पावसात भिजत हेन्री आणि एक पुतण्या घोड्यांवरून. सोळा मैलांचा रस्ता. कॉलेज स्ट्रीटवर आठ नंबरच्या घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. ते घर अजून आहे, दारावर पाटी आहे. त्या रस्त्याने तसंच पुढे गेलात तर पाचच मिनिटांत इचन नदीची कुरणं लागतात. काचेसारखं नितळ पाणी, खाली लांब केसांसारखी हलणारी शेवाळं, हंस, पाटाचे लहान लहान फाटे आणि मैलभर सपाट वाट, थेट सेंट क्रॉसच्या जुन्या धर्मशाळेपर्यंत. दोनच वर्षांनी, १८१९ च्या सप्टेंबरात, कीट्स हा कवी रोज या वाटेने फिरायचा आणि शरद ऋतूवरची त्याची गाजलेली कविता त्याला इथेच सुचली. चढ नाही, काटे नाहीत, चिखलही फारसा नाही. इंग्लंडमध्ये याहून सोपी नदीकाठची वाट मिळणं कठीण.

जेनच्या नशिबी ती नव्हती. एकदा तिला पालखीसारख्या खुर्चीत बसवून बाहेर नेऊन आणलं. चाकाच्या खुर्चीत बसण्याइतकं बरं वाटेल या आशेवर ती होती. बाकी वेळ खिडकीतून समोरची बाग दिसायची. १५ जुलै म्हणजे सेंट स्विदिनचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर चाळीस दिवस पडतो, असं इंग्रज मानतात. विंचेस्टरच्या घोड्यांच्या शर्यतींवर हा संत रागावतो आणि पाऊस पाडायची धमकी देतो, अशा गमतीच्या ओळी तिने त्या दिवशी अंथरुणात रचल्या. तिचे वडील बाथला ज्या चर्चच्या आवारात पुरलेत, तेही याच संताच्या नावाचं आहे.

१८ जुलैला पहाटे साडेचारच्या सुमारास कॅसांड्राच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. वय एकेचाळीस. २४ तारखेला सकाळी लवकर तिला विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये नेलं. तीन भाऊ आणि एक पुतण्या, एवढेच बरोबर होते. बायकांनी अंत्ययात्रेला जायची रीत नव्हती. कॅसांड्रा घरात थांबली. खिडकीत उभी राहून ती रस्त्याच्या टोकापर्यंत त्या चार माणसांकडे बघत होती. मग ती वळली आणि दिसेनाशी झाली.